डीडीपी योगा : दुखावलेल्या पाठीसाठी एका रेसलरने घडवलेला व्यायाम

डायमंड डॅलस पेज या अमेरिकी व्यावसायिक रेसलरने तयार केलेला ‘डीडीपी योगा’ हा ॲपवर चालणारा व्यायामवर्ग मी काही महिन्यांपासून नियमित करत आहे. कंबर किंवा गुडघे दुखावलेल्या आणि उड्या मारायला लावणाऱ्या व्यायामाची धास्ती बसलेल्या मध्यमवयीन वाचकांनी त्याचा गंभीरपणे विचार करावा, असे माझे मत झाले आहे. मात्र या वर्गाची रचना अशीच का आहे, हे पेज यांची कारकीर्द पाहिल्यावाचून नीट उमगत नाही.

पेज यांचा जन्म १९५६ सालचा, न्यू जर्सीतला. फ्लोरिडात नाइटक्लब चालवणारा हा माणूस १९८८ मध्ये रेसलिंगच्या धंद्यात आला तो मल्लांचा मॅनेजर म्हणून, आणि प्रत्यक्ष रिंगणात उतरला तो १९९१ मध्ये, म्हणजे वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, जेव्हा बहुतेकांचे गुडघे कुरकुरू लागलेले असतात. या खेळातले निकाल आधी ठरलेले असतात, पण फळ्यांवर पाठ आपटते ती खरीच. १९९८ मध्ये पेज यांच्या कमरेतील चौथ्या आणि पाचव्या मणक्यांजवळच्या चकत्या फाटल्या आणि कारकीर्द संपल्याचे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. तोवर योगाला नाके मुरडणाऱ्या पेज यांनी त्या वेळच्या पत्नी किंबर्ली यांच्या आग्रहाने आसने करून पाहिली, त्यांत दुखापतीनंतरच्या उपचारांतले व्यायाम आणि जुन्या पद्धतीचे जोर-बैठकांसारखे प्रकार मिसळले, आणि एप्रिल १९९९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते डब्ल्यूसीडब्ल्यू या संघटनेचे विश्वविजेते झाले. २००१ मध्ये ती संघटना प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी मानेच्या दुखापतीने पेज यांची नियमित कारकीर्द थांबली.

या वर्गात उडी नाही, धावणे नाही, वजने उचलणे नाही. त्याऐवजी प्रत्येक हालचाल स्वतःच्याच स्नायूंच्या ताणाविरुद्ध करायची असते : हात वर न्यायचे ते जणू जड ओझे उचलत असल्याप्रमाणे सगळे स्नायू आवळून, आणि खाली आणायचे तेही तसेच ओढत. जोर मारायचा तो तीन अंक मोजत खाली, तिथे थांबून, पुन्हा तीन अंकांत वर. तालमीत झपाट्याने जोर काढणाऱ्याला हे सोपे वाटेल, पण अशा संथ जोरांत दंड थरथरू लागतात आणि जागेवर उभ्या उभ्या नाडी वाढते. ती किती वाढली हे पाहण्यासाठी छातीवर बांधायचा मापकपट्टा वापरावा, असा पेज यांचा आग्रह असतो. मला तो सर्वस्वी योग्य वाटतो, कारण त्यामुळे माणूस शेजारच्याशी स्पर्धा न करता स्वतःच्या हृदयाकडे पाहून वेग ठरवतो.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पर्यायांची मुबलकता. उभे राहता येत नसेल तर खुर्चीत बसून आणि तेही जमत नसेल तर अंथरुणात पडून करायचे स्वतंत्र वर्ग येथे आहेत. हात-पाय धडधाकट असलेल्यांनी आखलेल्या व्यायामांत अशा माणसांची आठवण सहसा शेवटी काढली जाते. इथे तीच पहिली पायरी आहे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. पुण्यातील अय्यंगार परंपरेत शिकलेल्या साधकाला आसनातल्या बारकाव्यांची शिकवण इथे तोकडी वाटेल, आणि शांत बसून श्वासाकडे लक्ष देण्याला फारच कमी जागा आहे. पेज सतत बोलतात, तेही वेगवान अमेरिकी इंग्रजीत. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना हा वर्ग द्यायचा असेल तर सुरुवातीला कोणीतरी सोबत बसून मराठीत समजावणे आवश्यक आहे. आहाराच्या सल्ल्यात गहू आणि गाईचे दूध टाळण्यावर भर आहे. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी खाणाऱ्या घराला यातला पहिला भाग मुळीच अवघड नाही, पण दही-ताक निष्कारण सोडण्याची गरज मला पटत नाही. ते पचत असेल त्याने ते खुशाल खावे.

तरीही या सेवेवर माझा विश्वास बसला तो पेज यांच्या उत्तरायुष्यामुळे. जेक ‘द स्नेक’ रॉबर्ट्स, म्हणजे खांद्यावर अजगर घेऊन रिंगणात येणारे मल्ल, हे पेज यांचे सुरुवातीच्या काळातले मार्गदर्शक होते. दारू आणि अमली पदार्थांनी ते पार खचले असताना पेज यांनी २०१२ मध्ये त्यांना अटलांटाजवळच्या आपल्या घरी राहायला आणले, आणि पाठोपाठ २०१३ मध्ये तसेच व्यसनाने खचलेले मल्ल स्कॉट हॉल यांनाही. हॉल यांच्या खुब्याच्या आणि रॉबर्ट्स यांच्या खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी चाहत्यांनी वर्गणी दिली. २०१४ मध्ये दोघेही डब्ल्यूडब्ल्यूईच्या, म्हणजे नाव बदललेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, ‘हॉल ऑफ फेम’ या मल्लांच्या सन्मानयादीत दाखल झाले, आणि रॉबर्ट्स यांना तो मान प्रदान करण्यासाठी मंचावर पेजच उभे होते. ज्या धंद्याने शेकडो शरीरे वापरून टाकून दिली, त्या धंद्यातल्या एका माणसाने आपल्या गुरूला घरात जागा द्यावी, हे मला त्यांच्या विश्वविजेतेपदाहून मोठे वाटते. हॉल २०२२ मध्ये वारले. व्यसन आणि जुन्या दुखापती व्यायामाने पुसल्या जात नाहीत, आणि कोणी तसा समज करून घेऊ नये.

हीच सावधगिरी यशकथांबाबतही हवी. आखाती युद्धात लढलेल्या आणि आधाराविना चालू न शकणाऱ्या एका माजी पॅराट्रूपरने, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकाने, दहा महिन्यांत सुमारे ६३ किलो वजन घटवले आणि तो धावू लागला. २०१२ मध्ये ती चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि या पद्धतीचे नाव झाले. ती खरी आहे, हृदयाला भिडणारी आहे, परंतु तिला मोजपट्टी मानून व्यायाम सुरू करणारा निराश होईल. माझ्या बाबतीत वजनात फारसा फरक पडलेला नाही. सकाळी वाकून चपला घालताना कंबर आता अडत नाही, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

मणक्याचे दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, वार्षिक वर्गणी भरण्याची घाई करू नये, आणि कितीही उमेद असली तरी आरंभ खुर्चीवरच्या वर्गापासूनच करावा.