बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतलं वजनकाट्यांचं दुकान, डोळे मिटून जा

आमचं घरी बांधलेलं दोन सीटचं विमान एकदाचं पूर्ण झालं, आता डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) परवानगीसाठी वजन करायचं होतं, म्हणजे तीन चाकांखाली एकदम तीन काटे. आधी दुसरीकडून भाड्याने आणले तर एकच पान्यांची पेटी दर वेळी वेगळं वजन दाखवायची, अख्खा रविवार वाया. मग दांडिया बाजारातल्या काकांनी हे दुकान सांगितलं.

मालकांनी माझ्यासमोर शिक्क्याची 20 किलोची वजनं एकेका काट्यावर चढवून उतरवून दाखवली, एकावर 200 ग्रॅम फरक निघाला तर लगेच ॲडजस्ट केला. हे फार महत्त्वाचं आहे हो, आमचं शेपटीचं चाक पुढच्या चाकांपासून 4 मीटर मागे, तिथे 2 किलो चुकले तर 280 किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य जवळजवळ 3 सेंटिमीटर सरकतो, आणि शेपूट जड झालेलं विमान स्टॉलमधून (पंखांची उचल एकदम कमी होते ती अवस्था) बाहेर काढणं कठीण.

शेपटीखाली ठोकळे लावून लेव्हल केलं, वाऱ्याने पंख उचलू नये म्हणून शटर पाडलं, तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच आकडे! भाडं वाजवी, डिपॉझिट मात्र रोख लागतं.