हिचकॉकचा अर्धा तास भारी की एक तास? काही महिने बघून झाल्यावर

गेले काही महिने जेवणं झाली की एक एपिसोड असा नेम चाललाय. आधी सस्पेन्स सिनेमेवाल्या हिचकॉकची जुनी अमेरिकन टीव्ही मालिका 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' (१९५५ ते १९६२), दर एपिसोडला नवी गोष्ट, मग त्याचाच पुढचा अवतार 'द आल्फ्रेड हिचकॉक अवर' (१९६२ ते १९६५). जाहिराती सोडल्या तर पहिल्याचा एपिसोड २५-२६ मिनिटांत आटपतो, दुसऱ्याचा ५० च्या आसपास जातो. आता मजाही दुप्पट येते का, तर नाही, बऱ्याचदा उलटंच.

अर्ध्या तासाला एकच डाव पुरतो. 'लँब टू द स्लॉटर' (१९५८) घ्या, नवरा म्हणतो मी चाललो सोडून, बायको फ्रीझरमधून मेंढीची गोठलेली तंगडी काढते, पुढचं सांगत नाही, पण हेच ५० मिनिटांचं केलं असतं तर नवऱ्याची ती दुसरी बाई, शेजारीण, पोलिसातला साहेब असं सगळं कोंबावं लागलं असतं आणि गंमत तिथेच मेली असती. 'ब्रेकडाउन'मध्ये जोसेफ कॉटन अपघातात पूर्ण लुळा पडतो, लोक त्याला मेलेला समजतात आणि आपल्याला फक्त त्याच्या मनातला आवाज ऐकू येतो. बाप रे, अजून पाच मिनिटं असती तर मी बंदच केलं असतं.

तासाच्या एपिसोडमध्ये कोण कोणाचा भाचा, मृत्युपत्रात काय, यातच खूप वेळ जातो, आणि सस्पेन्स बघून मुरलेल्या माणसाला तोवर शेवट कळलेला असतो. खुद्द हिचकॉकने अर्ध्या तासाचे १७ डिरेक्ट केले, तासाचा फक्त १, 'आय सॉ द होल थिंग', तोही ठीकठाकच.

पण 'अॅन अनलॉक्ड विंडो' (१९६५) बघाच! वादळी रात्र, जुनं घर, आजारी पेशंट, दोन नर्स आणि बाहेर नर्सनाच मारत सुटलेला खुनी. इथे वेळ हवाच, ते घर आधी ओळखीचं झाल्याशिवाय एका उघड्या खिडकीची काय भीती वाटणार. 'ट्वायलाइट झोन' या त्याच काळातल्या दुसऱ्या अमेरिकन मालिकेचंही तसंच, १९६३ चा चौथा सीझन तासाचा केला, १८ एपिसोड, पाचव्यात परत अर्ध्या तासावर आले. चौथ्यातला 'ऑन थर्सडे वी लीव्ह फॉर होम' मात्र अर्ध्या तासात मावलाच नसता, कारण तिथे डाव-बिव नाही, एक पुढारी डोळ्यांसमोर हळूहळू बिघडत जातो.

हिचकॉकची सुरुवातीची बडबड, स्पॉन्सरची खिल्ली वगैरे स्किप करू नका. आणि अर्ध्या तासाचे रात्री एकच बघा, लागोपाठ दोन लावले की दुसऱ्याचा ट्विस्ट आधीच ओळखू येतो.