थाळनेरचा किल्ला: दहा साखळ्यांची घळ आणि एक बाभळीचा काटा

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा का कापला ते पुढे येईल.

भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षं मोजणी केली. त्यामुळे किल्ला बघायला गेलो तरी नजर आधी हद्दीवर जाते. शिरपूरहून अर्ध्या तासाच्या आत थाळनेर येतं. तापीच्या उत्तर काठावर गाव आणि नदीला चिकटून किल्ल्याची टेकाडासारखी जागा. तिकीट नाही, खिडकी नाही, वाटाड्याही भेटला नाही. बांधावर बसलेल्या शेळीवाल्या आजोबांनी विचारलं, "काय धुंडी ऱ्हायनात भाऊ?" किल्ला म्हटल्यावर काठीनेच दाखवलं, "तठून वाट से."

मी मुद्दाम फेब्रुवारीच्या अखेरीस गेलो. २७ फेब्रुवारी १८१८ ला इथं लढाई झाली, तेव्हा ऊनही असंच असणार. आदल्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारीला मंदसौरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरी मुलूख इंग्रजांना गेला. म्हणजे कागदावर थाळनेर आधीच गेलेलं. इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन ताबा घ्यायला आला, तर आतून तोफा सुरू झाल्या. आमच्या खात्याच्या भाषेत सातबारा बदललेला, पण कब्जेदार उठायला तयार नाही. फरक इतकाच की इथं कब्जेदाराकडे सुमारे ३०० अरब शिपाई होते.

आता बघण्याच्या गोष्टीवर येतो. तटबंदी बघायला जाल तर हिरमोड होईल. बरीच ढासळली आहे, उरलेल्या बुरुजांवर वेडी बाभूळ माजली आहे. बघायची ती घळ. एका बाजूला तापी आणि उरलेल्या तीन बाजूंनी खोलगट पट्टा. इंग्रजांनी त्याची रुंदी १०० ते १५० यार्ड लिहून ठेवली आहे. मला सवयीनं राहवलं नाही. माझं पाऊल अडीच फुटाचं. जिथं झुडपांतून सरळ चालता आलं तिथं १३२ पावलं भरली. ३३० फूट, म्हणजे ११० यार्ड. आमच्या मोजणीच्या ३३ फुटी साखळीनं बरोबर दहा साखळ्या. दोनशे वर्षांपूर्वीचं टिपण आणि माझ्या चपला जुळल्या याचा आनंद मला कुठल्याही बुरुजापेक्षा जास्त झाला. घळीच्या तळाशी उभं राहून वर बघा. तेव्हा तट इथून साठेक फूट उंच होता, म्हणजे दोन साखळ्यांना थोडा कमी. तळाशी उभ्या माणसाला लपायला एक झुडूप पुरत नाही, हे तिथं उभं राहिल्यावरच कळतं.

आत जायची वाट एकच, पूर्वेकडून. तिच्यावर एकामागून एक पाच दरवाजे होते, मधे वळणावळणाची चढण. पाचही शोधत बसू नका, पण चढणीचं वळण अजून समजतं. आमच्या सौभाग्यवतींना मी वळणाच्या वर उभं केलं आणि खाली आलो. दहा पावलांत त्या दिसेनाशा झाल्या. "अहो, आहात का?" एवढा आवाज तेवढा आला. त्या दिवशी हेच घडलं. इंग्रज फार अडथळा न येता दरवाज्यांमागून दरवाजे ओलांडत वर गेले. शेवटच्या दरवाज्यातली दिंडी, म्हणजे छोटं दार, उघडली आणि थोडे अधिकारी मूठभर शिपायांसह आत शिरले. कोणाला कोणाची भाषा धड कळेना. अरब तुटून पडले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथंच मारले गेले. मागच्यांना पुढचे दिसत नव्हते, हे वळणावर उभं राहिल्याशिवाय पटत नाही. त्यानंतर बाहेरची फौज घुसली आणि आतल्यांची सरसकट कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम मामांना त्याच संध्याकाळी फाशी दिलं. तहात जागा गेलेली असताना लढले म्हणून ते बंडखोर, असा हिस्लॉपचा हिशेब. या फाशीवर पुढे लंडनच्या पार्लमेंटातही प्रश्न उठले.

आणि इथं माझा एक तारा गेला. हे सगळं सांगणारी पाटी मला आख्ख्या फेरीत दिसली नाही. वळणावर चार ओळी लिहिल्या असत्या तरी पुरे होतं. पण कोणी म्हणेल की चला, पाच दरवाजे पुन्हा बांधू, तर माझा विरोध लिहून घ्या. सिमेंटचे बुरूज, रंगीत फरशी आणि घळीत मुरूम टाकून पार्किंग झालं की दहा साखळ्या गेल्याच. ढासळलेला दगड बसवा, बाभूळ काढा, घळ तेवढी मोकळी ठेवा.

नदीकडच्या बाजूबद्दल एक सूचना. आता तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी बॅरेजेस झाली आहेत. पात्र बघून तेव्हाचं पाणी किती असेल याचा अंदाज बांधू नका.

फारुकींच्या, म्हणजे खानदेशच्या जुन्या सुलतानांच्या, कबरी चुकवू नका. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकानं मलिक राजाला थाळनेर दिलं आणि फारुकींची गादी इथूनच सुरू झाली. त्यांची बुऱ्हाणपूरची राजधानी नंतरची. अष्टकोनी घुमटावरचं कोरीवकाम दुपारी चारनंतर बघा, तिरप्या उन्हात उठून दिसतं. सौभाग्यवतींच्या मते किल्ल्यापेक्षा हेच बघण्यासारखं. त्यांनी कबरींना पाच दिले, किल्ल्याला दोन. वळणावर उभं केल्याचा राग त्यात असावा.

उरलेला अर्धा तारा सोयींचा. स्वच्छतागृह दिसलं नाही, पाणी घरून न्या. जेवण परतीच्या रस्त्यावर घेतलं, नाव लिहीत नाही. कळण्याची भाकरी गरम आणि ठेचा झकास, पण भरीत सकाळचं असल्यासारखं लागलं. शेवभाजी मागवा. पावसाळ्यात जाऊ नका, काळी माती बुटाला किलोभर चिकटते.

आणि हो, चपला नकोत. माझ्या डाव्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार आला, तो एकशे एकोणिसाव्या पावलाला. मोजणी चुकू नये म्हणून तसाच पुढची तेरा पावलं चाललो.