डाएटची तुलना मोफत करून देतो म्हणणाऱ्यांपासून जपून राहा

सांगलीत आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयात ‘तुमच्यासाठी कोणतं डाएट?’ असं शिबिर भरलं होतं. प्रवेश मोफत, वर चहा आणि उपमा. मी आणि माझी नणंद दोघी गेलो. ज्या वेलनेस सेंटरने ते भरवलं त्याचं नाव इथे लिहीत नाही. ही पद्धत एकाच सेंटरची नाही, गावोगाव चालते, म्हणून नावापेक्षा पद्धत ओळखता येणं जास्त गरजेचं आहे.

पडद्यावर एक तक्ता होता. कीटो (भात-पोळी जवळजवळ बंद, स्निग्ध पदार्थ भरपूर), जीएम (सात दिवसांचं, मुख्यतः फळं-भाज्यांचं डाएट), दीक्षित, दिवेकर आणि शेवटच्या रकान्यात त्यांचा स्वतःचा प्लॅन. कीटोपुढे लिहिलं होतं ‘किडनीवर ताण’, जीएमपुढे ‘केस गळतात’, दीक्षितांपुढे ‘ॲसिडिटी’, दिवेकरांपुढे ‘नोकरदारांना जमत नाही’. शेवटच्या रकान्यात सगळ्या हिरव्या खुणा आणि खाली ठळक अक्षरांत ‘पहिल्याच आठवड्यात ४ किलो’.

डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, तेही प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, घरचं खा, तूपभात सोडू नका. २०१८ च्या सुमारास यावरून घराघरांत वाद झाले. इतकी उलटसुलट मतं कानावर पडली की माणूस गोंधळतो, आणि नेमक्या त्या गोंधळावर या लोकांचं दुकान चालतं. दीक्षितांचा सल्ला तर फुकट मिळतो. तक्त्यात खर्चाचा रकाना का नव्हता, हे तेव्हाच कुणीतरी विचारायला हवं होतं.

त्या ‘४ किलो’चा हिशेब घरी कागदावर मांडून बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. चार किलो म्हणजे ३०,८०० आणि सात दिवसांनी भागलं तर रोजच्या ४,४००. आपल्यासारखी बाई दिवसाला दोन हजारांच्या आसपास खाते. अजिबात काही न खाता राहिली तरी हा आकडा गाठता येत नाही. मग काटा खाली येतो कसा? भात, पोळी, भाकरी एकदम तोडली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, संपतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडतं. कीटोतही सुरुवातीचं वजन असंच उतरतं. पुन्हा नीट जेवायला लागलं की ते पाणी परत येतं.

उरलेलं काम काट्याने केलं. पहिलं वजन त्यांनी शिबिरात घेतलं, संध्याकाळी, चहा-उपमा पोटात गेल्यावर, अंगावर साडी आणि हातात पर्स असताना. पर्स खाली ठेवू का, असं नणंदेने विचारलं तर ‘राहू द्या ताई, काही फरक पडत नाही’ म्हणाले. आठवड्यानंतरचं वजन सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, चप्पल काढून आणि ‘आधी बाथरूमला जाऊन या’ असं सांगून. शिवाय चरबीचं प्रमाण दाखवणारं मशीन होतं. ही मशिनं शरीरातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात. किती पाणी प्यायलात, कधी जेवलात यावर त्यांचा आकडा हलतो. त्यावरून छापलेला रंगीत रिपोर्ट हातात दिला की समोरच्याला ते लॅबच्या रिपोर्टइतकंच खरं वाटतं.

पैसे दोघींचे मिळून अठरा हजार. पावडरीचे डबे, ‘कोच’ची फी आणि एक कॅप्सूलची डबी. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘रक्कम परत मिळणार नाही’.

पैसे गेले ते गेले, पण नणंदेच्या बाबतीत जे झालं त्यासाठी मी हे लिहिते आहे. तिला डायबेटिस आहे आणि ती ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळी घेते. फॉर्मवर तिने गोळीचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तरी तिला सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी शेक दिला, आणि गोळीबद्दल कोच म्हणाला, ‘चालू ठेवा, नंतर आपोआप सुटेल.’ ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला असाल किंवा नसाल. एका पहाटे ती घामाने डबडबली होती, हात थरथरत होते, मला ओळखूनही बोलणं अडखळत होतं. ग्लुकोमीटरवर साखर ५४, म्हणजे धोकादायक कमी. साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं तेव्हा ती सावरली. झोपेतच राहिली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही. डायबेटिसचं औषध घेणाऱ्याने कोणतंही डाएट, अगदी चांगलंसुद्धा, डॉक्टरांना डोस विचारल्याशिवाय सुरू करू नये.

कॅप्सूलच्या डबीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ एवढंच होतं. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, उत्पादकाचा परवाना क्रमांक नाही. त्या घेतल्यावर माझी झोप उडाली, तोंड कोरडं पडायचं, छाती धडधडायची. डॉक्टरांनी त्या ताबडतोब बंद करायला लावल्या. वजन कमी करणाऱ्या तथाकथित हर्बल गोळ्यांमध्ये सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध लपवून घातल्याचं अनेक देशांत पकडलं गेलं आहे, आणि हृदयाच्या धोक्यामुळे आपल्याकडे २०११ पासून त्यावर बंदी आहे, असं त्यांनी सांगितलं. पावडरीवरचा अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबर दाखवून ‘सरकारमान्य’ म्हणतात तेही तपासून घ्या. तो नंबर व्यवसायाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा असतो. त्या पावडरीने वजन उतरतं, असं सरकार कुठेही म्हणत नाही.

खरी तुलना कशी असते तेही सांगते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय. वर्षअखेरीस सरासरी घट ५.३ आणि ६ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांत काहींचं भरपूर वजन उतरलं, काहींचं उलट वाढलं. वर्षभर झटूनही सरासरी पाच-सहा किलो, आणि इथे आठवड्यात चार!

आम्ही लेखी तक्रार दिली, डबीचे आणि पावतीचे फोटो जोडले, ग्राहक आयोगात जाणार असं कळवलं. तेव्हा अर्धे पैसे परत आले. बाकीच्यासाठी भांडतो आहोत. कुणावर अशी वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात विनाशुल्क करता येते, मुदत दोन वर्षांची. औषध देऊन लठ्ठपणा किंवा डायबेटिस बरा करतो, अशी जाहिरात करणं १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने गुन्हा आहे, म्हणून शिबिराचं पत्रकही जपून ठेवा. कॅप्सूल उरल्या असतील तर फेकू नका, डबीसकट अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात नेऊन द्या.