दुर्बिणीचा फोकस आणि मी एका मुलावर घेतलेला आळ

जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. गावामागच्या टेकाडावर चढलं की खोडदच्या अँटेना दिसतात. त्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या. तिच्या एकूण 30 अँटेना आहेत, एकेक 45 मीटर व्यासाची. मुलं त्या जन्मापासून बघतात आणि दरवर्षीची नवी चौथी मला विचारते, "बाई, त्यातून चंद्र केवढा दिसतो?" त्या रेडिओलहरी पकडतात, त्यांना डोळा लावून बघता येत नाही, असं सांगितलं की चेहरे पडतात. एवढ्या मोठ्या दुर्बिणीच्या शेजारी राहून या मुलांनी साध्या दुर्बिणीतून चंद्र पाहिलेला नव्हता. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागायची.

2020 मध्ये शाळा बंद होत्या. ज्यांच्या घरात मोबाइल नव्हता अशी मुलं मी देवळाच्या ओट्यावर चार-चार, पाच-पाच करून बसवायचे. 21 डिसेंबरला गुरू आणि शनी इतके जवळ येणार होते की दोघांमधलं अंतर चंद्राच्या बिंबाच्या पाचव्या हिश्शाइतकंच उरणार होतं. मी ठरवलं, या वर्षी मुलांना दुर्बीण आणायचीच. वर्गणी काढली. कुणी वीस दिले, कुणी पन्नास. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालणाऱ्या एका शेतकऱ्याने हजार दिले. उरलेले मी घातले.

शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणारा शहरातला एक विक्रेता ओळखीतून कळला. त्याने 11,800 रुपयांत दुर्बीण दिली. खोक्यावर ठळक छापलेलं होतं: 80 मिमी भिंग, 900 मिमी फोकल लेंथ, 675 पॉवर. फोकल लेंथ म्हणजे भिंगापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं अंतर, आणि पॉवर म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते. "मॅडम, एवढ्या पॉवरची दुसरी कुठे मिळणार नाही," असं तो म्हणाला. मला तेव्हा 675 हा आकडा फार मोठा वाटला. आज सांगते, तो आकडाच पहिली खूण होती. दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या साधारण दुपटीपुढची पॉवर कामाची नसते. 80 मिमीला 160 म्हणजे पुष्कळ झालं. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण सोबत अंधारं आणि पुसटही होत जातं. हे 675 कुठून येतात? 900 ला 4 मिमीच्या आयपीसने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, भागायचं, 225 आले, आणि मध्ये तीनपट करणारी बार्लोची नळी खुपसायची. गणित बरोबर असतं, दिसत मात्र काही नाही.

21 तारखेला सूर्य मावळल्यावर ओट्यावर दुर्बीण लावली. नुसत्या डोळ्यांना दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले स्पष्ट दिसत होते. दुर्बिणीत मात्र निळसर-जांभळ्या धुक्यात एक पिवळट गोळा. फोकसचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. गोळा लहान व्हायचा, मोठा व्हायचा, कधीच नीट व्हायचा नाही. दोन्ही ग्रह नैर्ऋत्येला खाली चालले होते. मुलं रांगेत उभी होती आणि मी घामाघूम. शेवटी वर असलेल्या अर्ध्या चंद्राकडे नळी वळवली. तोही ओल्या कपड्याने पुसलेल्या फळ्यावरच्या खडूच्या आकृतीसारखा. एक मुलगी मला बरं वाटावं म्हणून "दिसलं बाई, छान दिसलं" म्हणाली. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, फोकसला हात बसावा लागतो. महिनाभर सवय करा." मी महिनाभर सवय केली. रोज रात्री थंडीत उभी राहिले. पुन्हा फोन केला तेव्हा म्हणाला, "मुलांनी काहीतरी फिरवलं असणार. लहान पोरांच्या हातात द्यायची वस्तू आहे का ही?"

आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. चौथीतला एक मुलगा सारखा दुर्बिणीपाशी घुटमळायचा, चाकाला हात लावायचा. मी सगळ्यांसमोर त्याला बोलले. "गावाचे पैसे आहेत, तू बिघडवलीस," असं म्हणाले. तो काहीच बोलला नाही, आणि त्यानंतर आठ दिवस ओट्यावर आला नाही.

पुढचं भराभर सांगते. विक्रेत्याने "फोकस किट" म्हणून 1,900 रुपयांना आणखी एक आयपीस आणि एक नळी गळ्यात मारली. तरी जमेना, म्हणून सर्व्हिसिंगला खोक्यासकट मागवून घेतली. "आतला मोठा आरसा सरकला होता, बसवून दिला," म्हणत 1,500 घेतले आणि दुर्बीण तीन आठवड्यांनी परत दिली, पण खोक्याशिवाय. एकूण 15,200 रुपये झाले.

फेब्रुवारीत एका नातेवाइकाच्या ओळखीतून पुण्याचे एक आकाशनिरीक्षक दादा घरी आले. त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलंच नाही. भर दुपारी दुर्बीण टेकाडावर नेली आणि दोन-तीन किलोमीटरवरच्या अँटेनावर लावली. सगळ्यात कमी पॉवरचं, म्हणजे 20 मिमीचं आयपीस, बार्लो नाही. पोलादी सांगाड्याच्या प्रत्येक दांडीला एका बाजूने जांभळी किनार होती. "आरसा बसवून दिला म्हणाले?" त्यांनी विचारलं. "ताई, ही भिंगाची दुर्बीण आहे. हिच्यात मोठा आरसा नसतोच. मागे आयपीसच्या कोपऱ्यात एक छोटा आरसा असतो, तेवढाच." मी जागच्या जागी बसले.

संध्याकाळी घरातला दिवा मालवून त्यांनी मोबाइलचा टॉर्च आयपीसच्या बाजूने आत मारला आणि पुढच्या भिंगासमोर वहीचा कागद धरला. भिंग 80 मिमीचं असेल तर कागदावर 80 मिमीच्या आसपासचं उजेडाचं वर्तुळ पडायला हवं. मी पट्टी लावली. 40 मिमी. पुन्हा लावली. 40 च. मग त्यांनी पुढची कडी फिरवून काढली. भिंगाच्या मागे नळीत काळ्या प्लास्टिकची एक चकती बसवलेली होती, मधोमध भोक पाडलेली. बाहेरून भिंग टपोरं दिसावं आणि उजेड मात्र भोकापुरताच यावा अशी ती सोय. व्यास निम्मा म्हणजे उजेड चौथाई.

ती चकती तिथे का होती, हे त्यांनी समजावलं तेव्हा मला फोकसचं कोडं सुटलं. चांगल्या दुर्बिणीत पुढे दोन वेगळ्या काचांचं जोडभिंग असतं, त्यामुळे वेगवेगळे रंग जवळपास एकाच जागी येतात. भिंगासमोर दिवा धरला तर दोन भिंगांच्या पृष्ठभागांवरून येणारी दोनपेक्षा जास्त प्रतिबिंबं दिसतात. आमच्यात दोनच दिसली. एकच साधी काच. साध्या काचेच्या 900 मिमीच्या भिंगात निळ्याचा आणि तांबड्याचा फोकस एकमेकांपासून जवळजवळ 14 मिलिमीटर लांब पडतो. म्हणजे मी चाक कुठेही नेलं तरी एक रंग नीट आणि बाकीचे फिसकटलेले. भोक लहान ठेवलं की हा दोष थोडा झाकला जातो, म्हणून ती चकती. दोन महिने मी थंडीत जी जागा शोधत होते, ती त्या नळीत नव्हतीच.

त्याच रात्री मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईसमोर त्याला सांगितलं, "तू काही बिघडवलं नव्हतंस. चूक माझी होती."

या फसवणुकीत सगळ्यात वाईट हेच आहे. नवशिक्याचा फोकस चुकतो, हे खरंच आहे, आणि विकणारा त्या खऱ्या गोष्टीच्या आड लपतो. म्हणून आपला हात चुकतोय की वस्तूच खोटी आहे, हे स्वतःला ओळखता आलं पाहिजे. मला दादांनी शिकवलं ते सांगते. सर्वात जास्त मिमीचं आयपीस लावा, बार्लो पेटीतच राहू द्या. दिवसा किलोमीटरभर लांबच्या टॉवरवर किंवा देवळाच्या कळसावर लावून बघा, सूर्याच्या बाजूला चुकूनही नाही. खिडकीच्या काचेतून बघू नका, दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून बघू नका, आणि घरातून बाहेर आणल्यावर नळीला अर्धा तास गार होऊ द्या. रात्री एखादा ठळक तारा धरा आणि चाक अगदी हळू फिरवा. तारा पसरट दिसेल, मग लहान लहान होत जाईल, आणि पुढे फिरवलं की परत मोठा होईल. हा लहान होऊन पुन्हा मोठा होण्याचा टप्पा सापडला तर फोकसची जागा तुम्हाला मिळाली, तुमच्या हातात दोष नाही. तारा लहान होत असतानाच चाक बाहेरच्या टोकाला संपलं, तर आयपीस नळीतून जरासं बाहेर ओढून बघा. चाक आतल्या टोकाला संपत असेल, तर छोट्या आरशाचा मधला कोपरा काढून आयपीस सरळ लावून बघा. बऱ्याच चांगल्या दुर्बिणी एवढ्यानेच सुधारतात. पण जागा मिळूनही स्वच्छ आकाशात वर असलेला चंद्र कमी पॉवरला पुसट आणि रंगीत किनारीचा दिसत असेल, तर टॉर्च आणि पट्टी घ्या.

पेटीत आणखी एक गोष्ट होती, ती आठवली की अजून अंगावर काटा येतो. आयपीसच्या बुडाला लावायची बोटाच्या पेराएवढी काळी काच, तिच्यावर इंग्रजीत 'सन' कोरलेलं. "सूर्यसुद्धा दाखवता येईल मुलांना," असं विक्रेता म्हणाला होता. जून 2020 मधलं खंडग्रास ग्रहण मुलांच्या लक्षात होतं आणि ती रोज विचारत होती. भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या इवल्याशा काचेवर येते. ती तडकली की तो उजेड थेट डोळ्यात. सूर्यासाठीचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण भिंग झाकेल असाच लागतो. माझ्या हातून एखाद्या लेकराचा डोळा गेला असता. दादा आले त्याच संध्याकाळी ती काच मी दगडाने ठेचली. तुमच्या पेटीत असेल तर आजच ठेचा.

पैशाचं म्हणाल तर मी विक्रेत्याला रजिस्टर पत्र पाठवलं. उत्तर आलं, बिलात 80 मिमी कुठे लिहिलं आहे ते दाखवा. बिल काढून पाहिलं: "शालेय विज्ञान साहित्य, 1 नग". आकडे फक्त खोक्यावर होते, आणि खोका त्याने ठेवून घेतला होता. तेव्हा बिलावर भिंगाचा व्यास, फोकल लेंथ आणि जोडभिंग आहे की नाही हे लिहून घ्या. खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि दुरुस्तीला देताना खोका देऊ नका. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपल्याच जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. हे मला उशिरा कळलं. मध्ये करोनाची दुसरी लाट आली, घरात आजारपण झालं आणि मुदत निघून गेली. ज्या शेतकऱ्याने हजार दिले होते तो एकदाही काही बोलला नाही, पण मी त्याच्यासमोरून जाताना अजून मान खाली घालते.

2021 च्या डिसेंबरमध्ये दादा स्वतःची दुर्बीण घेऊन गावात आले. नैर्ऋत्येला शुक्र, शनी आणि गुरू ओळीने उभे होते. तो मुलगा आता पाचवीत गेला होता. त्याची पाळी आली तेव्हा शनी जरा सरकून पुसट झाला होता. त्याने आयपीसला डोळा लावला, हात मागे बांधले आणि विचारलं, "बाई, चाकाला हात लावू का?"

मी म्हटलं, लाव. त्याने चाक कणभर पुढे नेलं, मग मागे आणलं, आणि थांबला. मग बराच वेळ त्याने डोळा काढला नाही. मागच्या रांगेतली पोरं ओरडायला लागली, तरी मी त्याला उठवलं नाही.