ओसीडी 'स्पेशालिस्ट'ने आमचे ९७,७९९ रुपये घेतले आणि वर आजार वाढवून ठेवला

ज्यांच्या घरात ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी तीच ती कृती करत राहणं हा मानसिक आजार, त्यांनीच वाचलं तरी चालेल, बाकीच्यांना 'एवढं कसं कळलं नाही तुम्हाला' हा प्रश्न पडणारच आणि त्याचं उत्तर देऊन देऊन मी थकलेय. नाव टाकत नाही कारण त्याने धमकी दिलीय, ती पुढे सांगते. रकमा मात्र रुपयासकट टाकते.

मुलगा वीस वर्षांचा आहे. आधी हात धुणं होतं, मग गॅस, कुलूप परत परत तपासणं, आणि मग ते विचार. म्हणजे 'माझ्या हातून कुणाला काही झालं तर' असले. मुलगा इतका साधा आहे की झुरळ मारत नाही, आणि त्याला हेच विचार यायचे आणि तो रडायचा. सायकिअॅट्रिस्टच्या गोळ्या सुरू होत्या, डॉक्टरांनी सांगितलंही होतं की ओसीडीत गोळ्यांचा फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि सोबत थेरपी घ्या, पण थेरपी कुणाकडे घ्यायची ते कुणी सांगेना, चांगल्या ठिकाणी वेटिंग, आणि तेवढ्यात फोनवर ती जाहिरात आली. 'ओसीडी, अँक्झायटी मुळापासून. औषधांशिवाय. ९० दिवस.' मूळ वगैरे वाचून माणूस विरघळतो हो, दोन-दोन तास बाथरूमचं दार बंद असलेल्या घरात राहून बघा.

पहिलं 'असेसमेंट' २,९९९. मग २४ सेशनचं पॅकेज, मूळ किंमत म्हणे ६५,०००, पण आज रात्री बारापर्यंत भरलं तर ४८,५००. रात्री बाराची मुदत म्हटल्यावर काय ते तुम्ही ओळखलंच असेल, मलाही एरवी ओळखता येतं, साडीच्या सेलला मी कधी फसले नाही. पण इथे पलीकडून माणूस इतक्या मायेने बोलत होता, 'ताई तुम्ही टेन्शन घेऊ नका, तो आता माझा धाकटा भाऊ'. मी रजिस्ट्रेशन नंबर विचारला होता, हे मुद्दाम सांगते, अगदीच आंधळेपणाने पैसे दिले नाहीत आम्ही. त्यावर एक सर्टिफिकेट आलं, सोनेरी शिक्का, 'इंटरनॅशनल सर्टिफाइड ओसीडी स्पेशालिस्ट', आणि व्हॉइस नोट की 'इंटरनॅशनलवाल्यांना इथलं रजिस्ट्रेशन लागत नाही ताई'. त्या सर्टिफिकेटच्या तळाशी बारीक अक्षरात कोर्सचा कालावधी छापला होता, ४८ तास. फोनच्या स्क्रीनवर ते कुणाला दिसणार. नंतर लॅपटॉपवर उघडलं तेव्हा दिसलं.

लागतं रजिस्ट्रेशन. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा सीआरआर नंबर, म्हणजे त्यांच्या नोंदवहीतला नंबर असतो, त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो, फुकट. सायकिअॅट्रिस्ट असेल तर मेडिकल कौन्सिलचा नंबर असतो. 'थेरपिस्ट', 'माइंड कोच', 'हीलर' हे शब्द कुणीही पाटीवर लिहू शकतं. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की फोन ठेवा, पुढचं गोड बोलणं ऐकूच नका.

आता ज्या गोष्टीवरून अजून झोप उडते ती. तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर म्हणाला की ब्रेन मॅपिंग करावं लागेल, १०,००० अधिक जीएसटी, ११,८००. भरले. (बिलावर जीएसटी नंबरच नव्हता, तेही नंतरच दिसलं.) आम्हाला वाटलं कुठल्यातरी सेंटरला जायचं असेल, मुलाने केससुद्धा धुतले होते कारण मशीनला तेल चालत नसेल म्हणून. तर नाही. फोनवर वीस-पंचवीस प्रश्न, आवडता रंग, लहानपणी कशाची भीती वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी चौदा पानी पीडीएफ. रंगीत मेंदूचं चित्र, खाली 'नकारात्मक ऊर्जा ७८ टक्के, भीती केंद्र ओव्हरॲक्टिव्ह'. डोक्याला एक वायर न लावता ब्रेन मॅपिंग! मुलाचे बाबा म्हणालेसुद्धा, 'अगं पण मशीन कुठंय?' आणि मी, मी त्यांना म्हटलं की आजकाल सगळं ऑनलाइन असतं, तुम्ही सगळ्यात खोट काढता. हे वाक्य मला दिवसातून कितीदा आठवतं ते विचारू नका. पण मला सांगा, साठ हजारांवर पैसे गेलेले असताना कुठली आई स्वतःहून म्हणेल की हे सगळं खोटं आहे? विश्वास ठेवण्यातच सोय होती.

ओसीडी कुठल्याही मॅपिंगने ठरत नाही. बोलून, नीट प्रश्न विचारून निदान होतं. वाय-बॉक्स नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी आहे, ४० पैकी स्कोअर येतो, खरा थेरपिस्ट ती सुरुवातीला घेतो आणि मधेमधे परत घेतो, म्हणजे फरक पडतोय का ते आकड्यात कळतं. आमच्या महाशयांनी एकदाही काही मोजलं नाही. विचारलं की 'ताई, हीलिंग मोजायचं नसतं'.

आणि मग व्हॉट्सॲप सपोर्ट. महिना ४,५००, तीन महिन्यांचे एकदम १३,५००. मुलाला शंका आली की मेसेज टाकायचा, कुठल्याही वेळी, आणि उत्तर येणार. 'मी कुणाला धक्का तर नाही ना दिला?' 'नाही चॅम्प, यू आर सेफ.' 'नक्की ना?' 'हंड्रेड पर्सेंट.' पोरगा पहिल्या आठवड्यात इतका शांत झाला की मी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या महिन्यात तो रात्री तीनला उठून मेसेज करत होता, उत्तर यायला दहा मिनिटं लागली तर घाम फुटायचा, आणि मग उत्तर आलं तरी 'पण त्याने नीट वाचलं असेल का' ही नवीन शंका. आता ज्या थेरपिस्ट बाईंकडे जातोय, त्यांनी हे चॅट वाचून डोक्याला हात लावला. ओसीडीत 'नक्की ना, नक्की ना' विचारत राहणं हेच कंपल्शन, म्हणजे केल्याशिवाय राहवत नाही अशी कृती असते, हात धुण्यासारखीच. दिलासा मिळाला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढची शंका आणखी जोरात येते. खऱ्या उपचाराचं नाव ईआरपी, एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, १९६० च्या दशकापासून आहे तो, भीती वाटते त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि धुणं, तपासणं, विचारणं करायचं नाही, अस्वस्थता सहन करत बसायचं. म्हणजे तो माणूस मुलाला आजारच पुरवत होता आणि त्याचे महिन्याला साडेचार हजार घेत होता.

थेरपिस्टला पहिल्याच फोनवर विचारा की ईआरपी करता का आणि कशी करता. 'आम्ही त्याहून ॲडव्हान्स्ड करतो' असं उत्तर आलं तर समजा. आणि गोळ्या बंद करायला सांगणारा जर डॉक्टर नसेल तर त्याच क्षणी संपवा! याने सांगितलं होतं. 'गोळ्यांमुळे सबकॉन्शस ब्लॉक होतं'. मुलाने गुपचूप बंद केल्या, चक्कर, चिडचिड, झोप नाही, आणि हा म्हणतो 'विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे', आणि त्या विषासाठी 'सबकॉन्शस क्लिअरिंग' म्हणून अजून २१,०००. बेरीज करून बघा, ९७,७९९ होतात.

पैसे परत मागितले तेव्हा माया संपली. आधी 'क्लायंट को-ऑपरेट करत नाही, नो रिफंड पॉलिसी'. मग मी पोलिसांचं नाव काढल्यावर मेसेज आला की 'तुमच्या मुलाने इतरांना इजा करण्याबद्दल सेशनमध्ये जे सांगितलंय त्याचं रेकॉर्डिंग आहे, पोलिसांना तेही द्यावं लागेल'. वाचून हातपाय गार पडले. त्या विचारांना घाबरूनच तर पोरगा आजारी आहे, ओसीडीतले असे विचार म्हणजे इच्छा नसते, उलट त्या माणसाला त्यांची किळस येते, हे त्या विषयातलं कुणीही सांगेल. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये पेशंटला गोपनीयतेचा हक्क आहे, पण हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत. म्हणून सांगते, सुरुवातीला भरून घेतात त्या इन्टेक फॉर्ममध्ये सगळं लिहून देऊ नका, आधी माणूस खरा आहे का बघा.

तरी गेलो पोलिसांत. 'मॅडम, सेशन झाली का?' झाली. 'पैसे तुम्ही स्वतः पाठवले?' हो. 'मग फसवणूक कुठे झाली? हा सिव्हिल मॅटर आहे.' मी म्हटलं तो डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही, खोटं सांगून पैसे घेतले, पूर्वीचं ४२०, आता बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८. तर साहेब म्हणाले, 'वकील आहात का?' आणि शेजारच्याला हळूच, पण मला ऐकू येईल असं, 'डोक्याची केस आहे'. अर्ज घेतला, शिक्का मारला, एफआयआर नाही. सायबरवाले म्हणाले ओटीपी दिला नाही, हॅकिंग झालं नाही, आमच्यात बसत नाही. बँक म्हणाली यूपीआय तुम्हीच ऑथराइज केलंय. एका सरकारी ऑफिसातून महिन्याभराने दोन ओळी आल्या की विषय आमच्या अखत्यारीत येत नाही, योग्य त्या कार्यालयाकडे जावे. योग्य ते कार्यालय कोणतं हे लिहिलं असतं तर त्यांची शाई संपली असती बहुतेक. सगळे मिळून एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आपण फाइल घेऊन मधे उभे. आणि कायदा बघा, आरसीआयचा १९९२ चा, नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये! त्याचं असेसमेंटच २,९९९ चं आहे.

पैसे जाऊन काहीच तास झाले असतील तर वाट बघू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आम्हाला ते फार उशिरा सुचलं. आता ग्राहक आयोगात टाकतोय, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, दोन वर्षांची मुदत आहे. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात तर अजिबात नाही, आमच्याकडे आता तेवढंच आहे. आणि रात्री-बेरात्री खरंच कुणाशी बोलायची वेळ आली तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी आहे, फुकट आहे, पॅकेज विकत नाहीत.

अजून एक. तक्रारी केल्यापासून 'तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फक्त ३,५०० प्रोसेसिंग फी' असे फोन यायला लागलेत. आमची रक्कम त्यांना शेवटच्या रुपयापर्यंत माहीत असते. कुठून कळली हे मी विचारलं तर फोन कट.