सिसिली की सार्डिनिया : भिंतीवर कुठला झेंडा लावाल?

इटलीत वीस प्रदेश आणि प्रत्येकाचा झेंडा वेगळा. पण त्यातले बरेचसे म्हणजे एकरंगी कापडावर प्रदेशाचं बोधचिन्ह. सरकारी लेटरहेडच फडकवल्यासारखं वाटतं. आठवण म्हणून एक झेंडा घ्यायचा, तर माझ्या मते निवड दोन बेटांमध्येच आहे.

सिसिलीचा झेंडा तिरका दुभागलेला : लाल आणि पिवळा. लाल पालेर्मो शहराचा, पिवळा कोर्लेओने गावाचा. (हो, सिनेमांमुळे माफियाशी नाव जोडलं गेलेलं तेच कोर्लेओने.) 1282 मध्ये आंजूच्या चार्ल्सच्या फ्रेंच राजवटीविरुद्ध सिसिलीत उठाव झाला, त्या काळातली ही जोडी. मधोमध त्रिनाक्रिया : मेड्युसाचं (ग्रीक पुराणकथेतली, केसांच्या जागी साप असलेली स्त्री) मस्तक आणि त्याभोवती गुडघ्यात वाकलेले, धावते तीन पाय. पाय तीन, कारण बेट त्रिकोणी. पेलोरो, पास्सेरो आणि लिलिबेओ ही त्याची तीन टोकं. मेड्युसाच्या डोक्याशी नुसते सापच असतील अशी आपली अपेक्षा, पण इथे गव्हाच्या लोंब्याही आहेत. सिसिली हे प्राचीन रोमचं धान्याचं कोठार होतं, त्याची ही खूण. चिन्ह ग्रीकांच्या काळापासूनचं, झेंड्याला कायद्याने आजचं रूप मिळालं ते मात्र 2000 साली.

सार्डिनियाचा झेंडा लांबूनही ओळखू येतो. पांढऱ्यावर सेंट जॉर्जचा लाल क्रूस आणि चार चौकोनांत कपाळाला पट्टी बांधलेली चार काळी मस्तकं. रेखाटन म्हणून हा सिसिलीपेक्षा सरस. तीनच रंग, कुठे गर्दी नाही. अडचण अर्थाची आहे. चिन्ह आलं स्पेनमधल्या अरागॉनच्या राजघराण्याकडून. दंतकथेनुसार 1096 च्या अल्कोराझच्या लढाईत सेंट जॉर्ज मदतीला धावला आणि ही मस्तकं हरलेल्या मूर (म्हणजे तेव्हाच्या स्पेनमधल्या मुस्लीम) राजांची. सार्डिनियात लोक हा झेंडा अभिमानाने मिरवतात, पण तुमच्या घरी आलेला पाहुणा ‘ही कापलेली डोकी कोणाची?’ असं विचारणारच. दर वेळी उत्तर द्यायची तयारी असेल तरच घ्या.

व्हेनेतो प्रदेशाचा पंखवाला सिंह मोह पाडतो खरा, पण त्या झेंड्याला सात शेपट्या आणि प्रत्येकीवर एका शहराचं चिन्ह. छोट्या आकारात नुसती गिचमिड.

मी सिसिलीचाच घेईन. सार्डिनियाचाच हवा असेल, तर पट्टी नीट बघून घ्या : ती डोळ्यांवर असेल आणि चेहरे काठीकडे वळलेले असतील, तर तो जुना नमुना. 1999 च्या कायद्यानंतर पट्टी कपाळावर आली आणि चेहरे काठीच्या उलट दिशेला वळले.